गोंयच्या सायबाकडे जाताना : कोल्हापूरहून जुन्या गोव्याची यात्रा

दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर गेला की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. "काकू, यंदा कधी निघायचं?" चर्चमधली मंडळी विचारतात, गल्लीतले विचारतात, आजऱ्याहून नणंद विचारते. गेली बारा-तेरा वर्षं आमच्याकडून जुन्या गोव्याला जाणाऱ्या गाडीचा हिशोब माझ्याकडे असतो. त्यासाठी निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. कोण आलं, कोणाला गाडी लागली, कुठं जेवलो, काय चुकलं, सगळं तिच्यात आहे. फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून यंदा वही पुढ्यात घेऊन लिहूनच काढते.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी थोडं आधी. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, संत फ्रान्सिस झेवियर यांचं पार्थिव आहे. आजच्या स्पेनमधल्या नाव्हारचे ते, ६ मे १५४२ रोजी गोव्याला पोचले. हातात घंटी घेऊन रस्त्यारस्त्यानं फिरायचे, पोरं गोळा करून प्रार्थना शिकवायचे, इस्पितळात रोग्यांपाशी बसायचे. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर ते वारले. १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणला. म्हणून ३ डिसेंबरला त्यांचं फेस्त, म्हणजे सण, आणि त्याआधी २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर असे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना. गोव्यात त्यांना गोंयचो सायब, म्हणजे गोव्याचा साहेब, म्हणतात, आणि असं म्हणणारे सगळे काही ख्रिस्ती नसतात.

आता माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलं आहे.

२०१२ साली पहिल्यांदा बेत माझ्या हातात आला. तेव्हा सगळे करायचे तसंच मी केलं. फेस्ताचाच दिवस धरला. रात्री दोनला कोल्हापूर सोडायचं, सकाळी आठला पोचायचं, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकायची, दर्शन घ्यायचं, रात्री परत घरी. कागदावर बेत छान दिसत होता. पण तिथं पोचलो तर गाड्या फार अलीकडेच थांबवलेल्या. तिथून चालायचं. ऊन डोक्यावर, हवा दमट, गाडीत कोणाचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही माय म्हणतो, तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या आणि दोन्ही गुडघे गेलेले. अर्ध्या वाटेत त्या रस्त्याकडेच्या झाडाखाली वर्तमानपत्र टाकून बसल्या, ते उठल्याच नाहीत. हे आणि मी त्यांच्यापाशी थांबलो. फेस्ताची मोठी मिस्सा आम्ही लाऊडस्पीकरवरून, लांबून, लोकांच्या पायांकडे बघत ऐकली. बॅसिलिकाचं दार काही दिसलं नाही. परतीच्या वाटेवर मी गप्प होते, तर मायच म्हणाल्या, "आवाज तरी कानावर पडला की गं."

ते वाक्य मला फार लागलं. घरी आल्यावर वहीत पहिली ओळ लिहिली ती अशी : गाडीतलं जे माणूस सगळ्यात हळू चालतं, त्याच्या पावलानं बेत आखायचा. त्यानंतर तारीख, रस्ता, मुक्काम सगळं त्या एका ओळीला विचारून ठरतं.

तर पहिली गोष्ट, तारीख. तुम्ही तरणेताठे असाल, चालायची सवय असेल, तर खुशाल ३ डिसेंबरलाच जा. मी कोणाला अडवणार नाही. त्या दिवशी गोव्यात सार्वजनिक सुट्टी असते, बाहेरच्या मांडवात आर्चबिशपांच्या हस्ते मोठी मिस्सा होते आणि हजारो गळे एकदम गायला लागले की अंगावर काटा येतो. सावंतवाडीकडून, बेळगावकडून लोक पायी येतात, पुढे क्रूस, हातात जपमाळ. ज्यानं जोतिबाची किंवा पंढरीची वाट चाललेली माणसं जवळून पाहिली आहेत त्याला ही चाल लगेच ओळखीची वाटेल. पण बरोबर म्हातारं माणूस, लहान मूल, गरोदर लेक किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं कोणी असेल, तर नोव्हेनाच्या पहिल्या तीन-चार दिवसांतला एखादा दिवस धरा, आणि रविवार टाळा. नोव्हेनाच्या दिवसांत पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पाठोपाठ मिस्सा असतात. एक हुकली तर दुसरी मिळते. फेस्ताच्या दिवशीच गेलं तर नवस पोचतो असं काहींच्या मनात असतं. आमच्या फादरना मी हे एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, संत काही कॅलेंडर बघून ऐकत नाहीत. मिस्सांच्या वेळा मात्र दरवर्षीच्या दरवर्षी बघा. मागच्या वर्षीच्या वेळेवर विसंबून निघू नका.

तारखेत आणखी एक मेख आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. त्यात गोव्याचा पर्यटनाचा हंगाम. हॉटेलं भरलेली, आणि उरलेल्यांचे भाव आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचे. एका वर्षी महिनाभर आधी पैसे भरून ठरवलेल्या खोल्या आम्ही दारात उभे असताना दुसऱ्याला दिल्याचं कळलं. सतरा माणसं, रात्रीचे नऊ, आणि माय गाडीत बसलेल्या. ती रात्र कशी काढली ते आठवायला नको वाटतं. पण त्या रात्रीनंच मला रस्ता सुचवला : गोव्यात राहायचंच नाही. सावंतवाडीत राहायचं.

आमचा आताचा बेत असा असतो. पहिल्या दिवशी दुपारी बाराला, घरी जेवूनखाऊन, कोल्हापूर सोडायचं. कागल, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी. घाट उजेडात उतरायचा. सावंतवाडीत साधं, स्वच्छ लॉज, रात्री लवकर जेवण, लवकर झोप. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून निघायचं. तिथून जुनं गोवं दीड-दोन तासांवर. आठच्या सुमाराला माणसं ताजीतवानी, तोंड धुतलेली, केस विंचरलेली बॅसिलिकासमोर उभी असतात. रात्रभर जागून, घाटात ओकून आलेल्या माणसाच्या आणि यांच्या प्रार्थनेत फरक पडतो, हे मी स्वतःवरून सांगते.

रात्रीचा प्रवास मी का सोडला याचं दुसरं कारण आपल्याकडचा ऊस. नोव्हेंबरच्या शेवटी गळीत हंगाम भरात असतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर कौलारू घराएवढा ऊस, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अंधारात ट्रॉली दिसते तेव्हा ती दहा हातांवर आलेली असते. उसाचं एखादं कांडं खाली लोंबत असतं, ते आधी काचेला लागतं. वरून रस्त्यावर पडलेल्या उसावरून चाकं घसरतात. हा सगळा पट्टा, कागलपासून आजऱ्यापर्यंत, कारखान्यांचा आहे. ड्रायव्हर कितीही मुरलेला असो, त्याला हा रस्ता रात्री तीनला चालवायला लावू नका. ऊसदराचं आंदोलन पेटलेलं असेल तर महामार्गावर चक्का जाम होतो, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघायच्या आणि एक वाट हाताशी ठेवायची. आम्ही एकदा राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करून कणकवलीला उतरलो होतो. लांब पडतं, पण जंगलातला रस्ता सुंदर आहे.

गाडी ठरवताना मालकाला आधीच स्पष्ट सांगा की गोव्यात जायचं आहे. परराज्याचा परमिट आणि कर भरून कागद गाडीत हवेत. ते बघितलं नाही तर हद्दीवर तास जातो, आणि तो तास नेमका तुमच्या मिस्सेचा असतो. येताना हद्दीवर दारूची तपासणी होते. सायबाच्या दारातून परत येताना पिशवीत बाटल्या आणू नका, असं मी गाडीत बसतानाच सगळ्यांना सांगते. कोणाला राग येतो, येऊ दे.

आपली गाडी नको असेल तर कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवरून पणजीला एसटी आहे, कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, गाड्या आहेत. पणजीच्या स्टँडवरून जुन्या गोव्याला सारख्या बस सुटतात, अंतर नऊ-दहा किलोमीटर. रेल्वेनं जायचं तर मिरजेहून लोंढ्यावरून मडगावला जाणारी गाडी. दूधसागर दिसतो, पण मडगावहून पुन्हा बस. म्हाताऱ्यांना घेऊन ते नको.

आता घाटाविषयी एक बाईमाणसाचा सल्ला. आजऱ्यात चहा प्या, पण भजी-वडे खाऊ नका. आंबोलीच्या वळणांत ते बाहेर येतात. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा, हातात लिंबू द्या, तोंडात आवळा सुपारी. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मागच्या डिकीतल्या बॅगेत नव्हे, कनवटीला किंवा पर्समध्ये. शिदोरीला आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या नेतो. भडंग तर असतंच. पाणी घरचं. दोन वर्षांपासून मेडिकलच्या दुकानातून घडीची व्हीलचेअर भाड्यानं घेते. ती डिकीत मावते का, हे निघायच्या दिवशी नाही, आदल्या दिवशी बघायचं.

कपड्यांचं सांगते. गोवा म्हटलं की पोरं हाफ पँट भरतात. बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, एखादी ओढणी जादा. आपल्याकडे त्या दिवसांत पहाटे स्वेटर लागतो आणि तिथं नऊला घाम फुटतो, तेव्हा अंगावर थर असू देत, काढता येतील असे.

ज्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद, घ्यायचं आहे त्यांनी त्याआधी तासभर काही खायचं नाही, हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि प्रवासात सगळे विसरतात. सावंतवाडीहून निघतानाच नाश्ता उरकला की प्रश्न मिटतो. मधुमेहवाल्यांनी औषधापुरतं खाल्लं तर त्याला कोणी पाप म्हणत नाही. आजाऱ्यांना आणि वृद्धांना सूट आहे. कन्फेशन मात्र मी सांगते कोल्हापुरातच करून निघा. तिथं रांगा मोठ्या. आणि आपलं पाप आपल्या भाषेत, आपल्या फादरसमोर सांगताना मन जसं मोकळं होतं तसं घाईत होत नाही. मिस्सा बहुतेक कोकणीत असतात. आमच्या घरात आजरा-चंदगडकडची कोकणी आहे, तरी गोव्याची कोकणी कानाला वेगळी लागते. म्हणून त्या दिवसाची वाचनं मी आदल्या रात्री सावंतवाडीत मराठी बायबलमधून सगळ्यांना वाचून दाखवते. मग शब्द कळला नाही तरी कुठली गोष्ट चालली आहे ते कळतं.

आणि आता बॅसिलिका. बाहेरून बघाल तर गिलावा नाही, सगळा उघडा जांभा. आपल्या राधानगरीकडच्या घरांना असतो तसाच, पण तीन-चार मजले उंच रचलेला. १६०५ साली तिचं पवित्रीकरण झालं. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो, मग समोर सोन्याचा मुलामा दिलेली वेदी उजळते. उजव्या हाताला सायबाची समाधी. खालचं संगमरवरी बांधकाम इटलीतल्या तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकनं पाठवलेलं, १६९८ मध्ये इथं बसवलेलं. त्याच्यावर चांदीची पेटी, ती मात्र गोव्याच्याच सोनारांनी १६३७ च्या सुमारास घडवलेली. पेटीच्या बाजूंवर सायबाच्या आयुष्यातले ३२ प्रसंग कोरलेले आहेत. हुपरीच्या चांदीकाम करणाऱ्या घरातली एक बाई एकदा आमच्याबरोबर होती. सगळे पुढं सरकले तरी ती मान वर करून बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, हात बसलेला माणूस होता तो."

एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाही तर लोक हिरमुसतात. पार्थिव जवळून दिसत नाही. पेटी उंचावर आहे, खालून मान वर करूनच दर्शन घ्यायचं. दर दहा वर्षांनी पेटी खाली उतरवून समोरच्या सी कॅथेड्रलमध्ये नेतात, तेव्हाच जवळून दर्शन होतं. मागचं झालं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. म्हणजे पुढचं २०३४ च्या सुमारास.

त्या २०२४ च्या दर्शनाला आम्ही मायना नेलं. त्या तेव्हा ८१ वर्षांच्या. त्याआधी १९७४ साली त्या गेल्या होत्या. आजऱ्याहून ट्रकच्या हौद्यात बसून, कडेवर तीन वर्षांचं पोर. तो कडेवरचा म्हणजे आमचे हे. मधल्या चार वेळा काही ना काही आडवं आलं. कधी भाताची मळणी, कधी बाळंतपण, कधी सासऱ्यांचं आजारपण. पन्नास वर्षांनी त्या पुन्हा त्याच दारात उभ्या होत्या. उभ्या म्हणजे व्हीलचेअरवर. खुर्ची ढकलत होते हे. रांग पुढं सरकत होती, माय पदराची गाठ चाचपत होत्या. काचेसमोरून जाताना माणसाला चार-पाच सेकंद मिळतात. माझ्या ओठांवर एवढ्या प्रार्थना होत्या, त्यातली एकही आठवली नाही. मायनी मात्र मागं हात नेऊन ह्यांचं मनगट धरलं आणि पेटीकडं बघत एवढंच म्हणाल्या, "हाडलो रे सायबा, हाडलो." आणलं रे, आणलं. बाहेर आल्यावर माझा नवरा खुर्ची तशीच सोडून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी त्याला हाक मारली नाही.

पदराच्या गाठीत काय होतं तेही सांगते. ती गाठ हा आमच्या यात्रेतला नेमच आहे. निघायच्या आठवड्यात गल्लीतल्या बायका येतात. माझ्या नावची एक मेणबत्ती लाव, माझ्या नातीच्या नावची एक लाव, असं म्हणत मायच्या हातात सुटे पैसे ठेवतात. माय ते पदरात बांधतात, बाईगणिक एक गाठ. कोणती गाठ कोणाची हे त्यांना वही न बघता आठवतं. तिथं बाहेर विक्रेते बसलेले असतात, मेणबत्त्या, फुलं, मेणाचे हातपायसुद्धा. ज्याचं जे दुखतं ते विकत घेऊन वाहायचं. मेणबत्त्या आत लावायच्या नसतात, बाहेर जागा नेमलेली आहे. माय एकेक गाठ सोडतात, नाव घेतात, मेणबत्ती लावतात. याला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास बेतात धरा. "चला चला, उशीर होतोय" असं त्या वेळी कोणी म्हणायचं नाही.

मी स्वतः एक स्टीलचा डबा नेते. ज्यांना मोठ्यानं सांगता येत नाही ते चिठ्ठी लिहून त्यात टाकतात. मी वाचत नाही. मिस्सेत डबा मांडीवर असतो, समाधीसमोर दोन्ही हातांनी धरते. घरी आल्यावर चिठ्ठ्या तशाच घडी घातलेल्या मोगऱ्याच्या कुंडीत, मातीखाली.

आमच्याबरोबर हिंदू शेजारणीही येतात, दोन वर्षं एक मुस्लिम कुटुंबही होतं. त्यांना काही गोष्टी मी आधी सांगते. शेजारच्या वहिनी पहिल्यांदा आल्या तेव्हा अंबाबाईच्या देवळात काढतात तशा सवयीनं दाराशी चपला काढून आत गेल्या. कोणी काढायला सांगत नाही, पण कोणी अडवतही नाही. बाहेर आल्या तर गर्दीत चपला सापडेनात. पुढं तासभर तापलेल्या फरशीवरून अनवाणी फिरल्या. म्हणाल्या, "राहू दे, देवाच्या दारात पाय भाजले तर काय झालं." तरी तुम्ही चपला पिशवीत घालून बरोबर ठेवा. दुसरं, कम्युनियनच्या वेळी सगळे उठतात म्हणून रांगेत जायचं नाही. ते आम्हा कॅथलिकांसाठी आहे. प्रसाद नाकारला असं कोणाला वाटू नये म्हणून हे आदल्या दिवशी समजावून सांगावं, ऐन वेळी हात धरून मागं ओढू नये. ज्यांना आशीर्वाद हवा त्यांनी मिस्सा संपल्यावर फादरना भेटावं. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देताना कुठल्या फादरनी कधी जात-धर्म विचारलेला मी पाहिला नाही.

मिस्सा आणि दर्शन झालं की लोकांना सगळं बघायचं असतं. पाय थकलेले असतील तर फक्त सी कॅथेड्रल करा, रस्ता ओलांडला की समोर. तिला एकच मनोरा आहे, दुसरा १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात मोठी घंटा आहे, तिला सोन्याची घंटा म्हणतात. आत एका बाजूच्या चॅपेलमध्ये चमत्काराचा क्रूस आहे, तो वाढतो अशी श्रद्धा आहे, तिथं दोन मिनिटं शांत बसा. पाय धड असतील तर सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यापर्यंत चढा. आणि गाडीला वेळ असेल तर सांकवाळला, संत जोसेफ वाझ यांच्या ठिकाणी. गोव्याच्या मातीतला हा संत, २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं. आम्ही एकदाच जाऊ शकलो. तिथली शांतता मला जुन्या गोव्याहूनही जास्त आवडली होती. समुद्रकिनारा मात्र मी यात्रेत घेत नाही. पोरांचा रुसवा होतो, तेव्हा त्यांना सांगते, मे महिन्यात बाबांबरोबर या.

परतीला फेस्ताच्या दुकानांतून खाजें घ्यायचं. बेसनाच्या जाड शेवेला गुळाचा पाक, आल्याचा तिखटपणा. चणे घ्यायचे. ज्यांनी ज्यांनी गाठीत पैसे दिले त्या प्रत्येक घरी वाटीभर पोचवायचं. सावंतवाडीत थांबलोच तर चितारआळीत लहानग्यांसाठी लाकडी फळं. दुपारी दोनला परत निघालं की दिवेलागणीच्या आत घाट चढून होतो. आजऱ्यात नणंदेकडं भाकरी आणि माशाची आमटी तयार असते. रात्रीचा पट्टा आला की मात्र गाडी हळू, ट्रॉल्यांचं वर सांगितलंच आहे. उशीर झाला तर आम्ही आजऱ्यातच राहतो, सतरा जणांचं अंथरूण तिच्या माडीवर मावतं.

यंदा २५ नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता गाडी निघेल, २६ च्या रात्रीपर्यंत परत. सतरापैकी दोन जागा शिल्लक आहेत, त्यातली एक खिडकीची नाही. यायचं असेल त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर मला चर्चच्या पायऱ्यांवर भेटा, म्हणजे वहीत नाव लिहून घेते. येणं जमत नसेल तर चिठ्ठी द्या. डबा धुऊन, पुसून खिडकीत ठेवला आहे. मायच्या पदराला आजवर सहा गाठी झाल्या आहेत.